नाकातलं वजन

पस्तीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवल्या. केसभर चूक झाली तरी माणूस जेवता जेवता शिव्या घालतो, त्यामुळे काटेकोरपणा माझ्या हाडीमाशी खिळलेला. निवृत्तीनंतर त्याच टेबलावर विमानांची मॉडेलं जोडायला लागलो. बायको म्हणते, "आधी दात, आता विमानं. भिंग काही सुटत नाही तुमचं."

हे विमान मात्र आत्यासाठी होतं. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, आमच्याकडेच राहायची. तिचा थोरला भाऊ, माझे मोठे काका, लढाईत असंच दोन इंजिनांचं विमान घेऊन गेले ते गेलेच. विमान सापडलं नाही, माणूसही नाही. घरातून निघाले त्या सकाळी आठ वर्षांच्या आत्यानं मलाही ने म्हणून हट्ट धरला होता. "परत आलो की तुला मागे बसवतो. येतो गं," काका म्हणाले. यावर कोणीही 'ये' म्हणतं. ही फुगलेली. म्हणाली, "नको येऊस!"

तो शब्द तिला ऐंशी वर्षं खात होता. डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत दिली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "दादाचं विमान कर. एकदा त्याला 'ये' म्हणू दे मला." डोळे गेले होते, बोटांनी बघणार होती. "आणि आत बाहुल्या बसवू नकोस हं. जागा रिकाम्या ठेव."

ठेवल्या. पुढे एक, तिच्यामागे एकापाठोपाठ दोन, प्रत्येकीवर वेगळी काच.

या विमानाला नाकाखाली चाक असतं आणि शेपूट जड. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात पंधरा ग्रॅम वजन भरायचं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. घाई नडली. धड चिकटवलं, सांधा घासला, हिरवा-करडा रंग दिला, शेपटीवर काकांच्या विमानाचा नंबर चढवला आणि ड्रॉवर उघडला, तर शिशाचे मणी डबीत जसेच्या तसे. विमान टेबलावर ठेवलं. कुत्रं बसतं तसं मागे टेकलं, नाक वर. मला स्वतःची लाज वाटली. आता उघडायचं म्हणजे मोडायचं. मी गुपचूप शेपटीखाली आगपेटीची काडी उभी केली.

आत्याच्या बोटांना ती लगेच लागली.

"हे काय रे?"

"टेकू आहे. नाकात वजन भरायचं राहिलं, आत्या."

"काढ तो."

काढला. विमान मागे बसलं. आत्या वाकली आणि पुढच्या काचेशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "ये, दादा. ये."

मी खिडकीकडे बघत राहिलो.

टक्.

पुढचं चाक टेबलाला टेकलं होतं.

मी विमान काट्यावर ठेवलं. एकशे चौसष्ट ग्रॅम. आदल्या दिवशीही तेवढंच भरलं होतं. टेबलाला पाणसळ लावून पाहिली, टेबल सपाट. दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, तिथेही तिन्ही चाकांवर उभं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची काच आतून धुरकट दिसली. गोंदाच्या वाफेनं असं होतं, त्यात नवल नाही. पण तो डाग जात नाही. हा जात होता आणि परत येत होता. मी घड्याळ लावलं. मिनिटाला पंधरा वेळा.

आत्याला सांगितलं. "आला ना," म्हणाली आणि कित्येक महिन्यांत प्रथमच पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. तिनं तोंड बाजूला केलं आणि शेजारी जाऊन यावं इतक्या सहज म्हणाली, "येते हं."

माझं लक्ष चमच्यात. जन्मभराची सवय.

"ये," मी म्हणालो.

वर पाहिलं तेव्हा ती गेली होती.

सगळं आटोपून, माणसं पांगल्यावर मी टेबलाशी गेलो. पुढची काच पूर्वीसारखीच, धूसर आणि स्वच्छ, धूसर आणि स्वच्छ. तिच्या मागच्या काचेवरही आता डाग येत होता. लहान. काचेच्या अगदी खालच्या कडेला, मोठ्या माणसाचं तोंड जिथे येणार नाही तिथे.

घड्याळ लावलं. मिनिटाला बावीस. लहान मुलांचा श्वास जलदच असतो.

दारातून बायकोनं पिशवी उचलल्याचा आवाज आला. "बाजारात जाऊन येते हो."

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"अहो, येते म्हटलं! ऐकू येतंय ना?"

तिसरी काच अजून स्वच्छ आहे.