तळ्याकडची बाजू

बाग वाचवायची तर हाताला हात लागला पाहिजे, असं हेडबाईंचं म्हणणं. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती, आणि आवाज तर अजून अख्ख्या मैदानाला पुरून उरेल असा. नवरा गेल्यानंतरचे मुके दिवस त्यांनी याच बागेतल्या बाकावर काढले होते. त्या बाकाच्या जागी आता टॉवर येणार म्हणे! हेडबाईंनी कंबर कसली.

त्या दिवशी उजाडतानाच बागेभोवती माणसांचं कडं उभं राहिलं. कोर्टाची स्थगिती दुपारपर्यंत येईल, असं वकिलांनी सांगितलं होतं. तोवर खोदायचं मशीन आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. बिल्डरचा मुकादमही सरळ बोलला होता, "माणूस उभा असेल तिथून मशीन नेणार नाही. पण मोकळी जागा दिसली, तर थांबणारही नाही."

कडं भलं मोठं आणि धुकं मरणाचं. म्हणून हेडबाईंनी खूण ठरवून दिली होती. शेजाऱ्याचा हात एकदा दाबायचा, त्यानं पुढच्याचा दाबायचा. दाब फिरून परत आला की कडं पूर्ण आहे. दोनदा दाबला, तर इथे माणूस कमी आहे, पाठवा.

फाटकाशी उभ्या राहून त्यांनी उजव्या हातानं दाब पाठवला. थोड्या वेळानं डाव्या हाताशी तो हजर. हेडबाई खूश झाल्या. आपली माणसं ती आपली माणसं!

तेवढ्यात तळ्याकाठच्या सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत आले. मान खाली.

"बाई, आमच्यातलं कोणीच आलं नाही हो. बिल्डरनं सगळ्यांना फ्लॅट कबूल केलेत. तळ्याची बाजू मोकळी आहे."

"काहीतरीच काय! दाब तर आत्ता फिरून आला."

"मी तिथूनच येतोय, बाई..."

हेडबाईंनी पुन्हा दाब पाठवला. पुन्हा परत आला, जरा लवकरच.

मशीनची घरघर फाटकावरून तळ्याच्या अंगाला गेली. बाईंनी तिकडे मान वळवली, पण हात सोडून पळणार कशा? घरघर थांबली. मग शेवाळाचा उग्र वास पुढे घेऊन मशीन माघारी आलं. ड्रायव्हर उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कुठून नेऊ मशीन? काठावर तुमची माणसं. एक वेळ ते समजलं. पण पाण्यातसुद्धा उभी करायची का, बाई... गळ्यापर्यंत?"

किल्ली मुकादमाच्या हातावर ठेवून तो चालता झाला.

दुपारी वकिलांनी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "मिळाली! स्थगिती मिळाली!" हेडबाईंनी जोरात शिट्टी फुंकली. कडं सुटलं, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. हेडबाई मात्र तडक तळ्याकडे निघाल्या. सगळीकडचं धुकं विरलं होतं, तिथलं नव्हतं.

मोकळ्या काठाच्या अलीकडे त्यांची धाकटी जाऊ बसली होती, तळहात पदराला पुसत.

"ताई, माझ्या पलीकडे कोणाला उभं केलं होतंत? हात केवढा गार... आणि ओला."

पलीकडच्या टोकाला बेकरीवाला अजून उभाच होता. धिप्पाड गडी, पण एक हात पाण्याच्या दिशेनं ताणलेला. बोटं कशाभोवती तरी मिटलेली, आणि तिथे काहीच नव्हतं.

"बाई," तो कसंनुसं हसला, "यांना सांगा ना... सोडा म्हणावं आता."

हेडबाई घाबरल्या, खरंच घाबरल्या. पण वर्ग कसा सोडायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवली.

"काम चोख केलंत. उपकार झाले. आता जा."

बेकरीवाला धाडकन मागे पडला. पाण्यावर लहानसा तरंग उठला आणि विरला. त्याला आणि जावेला फाटकाकडे धाडून हेडबाई आपल्या बाकावर येऊन टेकल्या. बाग वाचली होती. पलीकडे लोक टाळ्या वाजवत होते, त्यांच्याच नावानं. त्यांना हसू फुटलं.

तेवढ्यात मांडीवरच्या त्यांच्या रिकाम्या हातावर गार, ओला दाब आला.

एकदा. आणि मग पुन्हा एकदा.