ऑक्समधला आवाज

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. मी स्वतः तिथं होते.

मे २०१२. गोंदिया तालुक्यातलं दवनीवाडा. दुपारचं लग्न.

माझा मोठा भाऊ रत्नपाल, त्याची कामठ्याला साउंड सर्व्हिस. त्या दिवशी जोडीदार आला नाही, म्हणून दादासोबत मी गेले.

नवरी अंजना. वडील बकाराम. आई देवकाबाई मांडवात पुढेच खुर्चीवर बसवलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्या तलावाच्या पाळीवर पडलेल्या सापडल्या होत्या. तेव्हापासून उजवा हात लुळा. वाचाही गेलेली.

बुद्धवंदनेआधी मोबाइलवर गाणी लावायची होती. घाईत मी मोबाइलची वायर अँप्लिफायरला माइकच्या जागी खुपसली. आवाज असा फाटला की लोकांनी कान झाकले.

"अवो, माइकचा आवाज बारीक येते, म्हणून अँप्लिफायर त्याले तिथं खूप वाढवते," दादा म्हणाला. "मोबाइलचा पहिलेच मोठा. त्याले ह्या दुसऱ्या भोकात, ऑक्समध्ये लावा लागते."

त्याने वायर ऑक्समध्ये घातली, मोबाइलचा आवाज थोडा कमी केला. गाणं स्वच्छ वाजू लागलं.

वंदनेची वेळ झाली, तसा दादाने मोबाइल काढून घेतला. वायर ऑक्समध्येच राहिली. तिचं दुसरं टोक टेबलावरून नुसतं लोंबत होतं.

आणि स्पीकरच्या बॉक्समधून आवाज आला...

"अंजना..."

बाईचा आवाज.

अंजना ताडकन उठली. "आई?"

मला वाटलं, कोणीतरी चावटपणा करतंय. मी माइक बघितला.

बंद होता.

दादाचा चेहरा उतरला. माइकच्या जागी मोकळी वायर असली की कधी कधी रेडिओ पकडते. पण ऑक्सला तेवढं बारीक ऐकूच येत नाही. तिथून एवढा आवाज यायला वायरच्या टोकाला काहीतरी वाजत असावं लागतं.

टोकाला काहीच नव्हतं.

बकाराम धावत आले. "माह्या बायकोची रेकॉर्डिंग कुठून आणली बे? बंद कर!"

"काका, मी काहीच नाही लावलं!"

"अंजना, माय..." बॉक्स पुन्हा बोलला. "खुर्चीवर बसली... ते मी नोहो..."

सगळे बॉक्सकडे बघत होते.

देवकाबाई सोडून.

त्या दादाकडे बघत होत्या.

मग त्यांनी हात उचलला...

उजवा.

बोटाने वायरीकडे खूण केली. काढ.

दादाने वायर उपटली. आवाज शब्दातच तुटला.

लग्न कसंबसं लागलं. साउंडवाल्याने चाळे केले, असंच गाव म्हणत राहिलं.

दिवाळीत अंजनाचा फोन आला. ती माहेरी आली होती.

"ताई, आई बोलाले लागली."

"अगं, चांगलं झालं की!"



"त्या दिवशीची रेकॉर्डिंग आहे काय तुमच्याकडं?"

"रेकॉर्डिंग नव्हतीच ती. काऊन?"

"मी नाही..." ती कुजबुजली. "आई विचारून राहिली. मी आली तेव्हापासून तेच विचारते. माहं नाव नाही घेत."

मागून कोणीतरी म्हणालं, "दे इकडं."

बाईचा आवाज.

मांडवात ऐकलेला आवाज तो नव्हता...

मी फोन कापला.

अंजनाला परत फोन करायला हवा होता, हे मला कळतं.

अजून केलेला नाही.