विसाव्या मिनिटानंतर

खोलीत सहा बुटकी टेबलं होती, चोवीस छोट्या खुर्च्या, रंगीत खडूंचे चार डबे आणि त्या गुरुवारी एकवीस मुलं. मोठ्यांपैकी मी एकटीच बसलेली. बालविकासाच्या अभ्यासक्रमात सहा आठवडे अशा बालवाडी केंद्रात काम करावं लागतं. त्यातला निरीक्षणाचा नियम कडक: एक मूल निवडायचं, वीस मिनिटं, दर मिनिटाला एक ओळ. बोलायचं नाही. मूल जवळ आलं तर मान खाली घालून कागदाकडे बघायचं.

"नुसतं बघायचे मार्क मिळतात होय तुम्हाला?" केंद्रातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "मग एव्हाना मी कॉलेजात पहिली यायला हवं होतं."

मी निवडलेली मुलगी पाच वर्षांची. गाल फुगवून हसायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत.

मिनिट ९: डोकं टेबलावर ठेवलं. गटातल्या खेळात रस नाही.

मिनिट १४: निरीक्षकाजवळ आली. म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय."

मिनिट १५: तिथेच उभी.

मिनिट १६: जागेवर परत गेली.

पदवीची तीन वर्षं मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. चालू प्रयोगाला हात लावायचा नाही, हे अंगवळणी पडलं होतं. वीस मिनिटं संपली, मी फाइल मिटली आणि बस पकडायला पळाले. कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

शनिवारी ती मेंदूज्वराने गेली.

सोमवारी मी तो कागद उघडला. त्यावर छापील वीस ओळी होत्या. विसाव्या ओळीच्या खाली, कोऱ्या जागेत, आणखी एक ओळ होती.

मिनिट २१: निरीक्षकाजवळ आली.

अक्षर माझं. शाई माझ्याच पेनची. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता; त्या भरात लिहिलं असेल, अशी मी समजूत घातली आणि फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच होती.

मंगळवारी: मिनिट २२: तिथेच उभी.

बुधवारी: मिनिट २३: तिथेच उभी.

त्या दिवशी मुलं गोल करून बसली तेव्हा माझ्या डाव्या बाजूला एका मुलाएवढी जागा रिकामी राहिली. "सरका रे जरा," मी म्हटलं. कुणी हललं नाही.

"ताई, तू आधी तिला उत्तर दे ना," दोन वेण्यांवाली एक मुलगी वैतागून म्हणाली. "केव्हाची उभी आहे ती."

गुरुवारी सकाळी खारूताईची आई तिची चित्रं न्यायला आली. मुलं अंगणात होती. खोलीत आम्ही दोघीच.

"एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "मी त्या गुरुवारी संध्याकाळी विचारलं होतं हो तिला. काय होतंय, काय होतंय म्हणून. गप्पच बसली. आईला सांगावंसं वाटू नये, असं काय चुकलं माझं?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बघत होतात ना तिला? इथे काही बोलली होती?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मग ती जन्मभर स्वतःलाच विचारत राहिली असती.

मी फाइल उघडून तिच्यापुढे ठेवली.

प्रत्येक ओळीवर बोट ठेवत तिने वाचलं. चौदाव्या ओळीवर बोट थांबलं.

"म्हणजे सांगितलं होतं तिने."

"हो."

"तुम्हाला."

"हो."

"मग एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

तिचं बोट खाली सरकत गेलं. विसाव्या ओळीच्या पुढे. शेवटची ओळ मीही तेव्हाच पाहिली.

मिनिट २४: तिथेच उभी.

तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या बाजूला पाहिलं.

ती वाकली. उलटा हात पुढे केला, माझ्या खांद्याच्या जरा खाली, रिकाम्या हवेत. हात मध्येच अडला.

"अजून उतरला नाही हो ताप," ती म्हणाली.

मी प्रथमोपचाराच्या पेटीतून तापमापक काढला. कपाळापासून बोटभर लांब धरायचा, तसला. तो हवेचं तापमान दाखवत नाही. त्याला समोर काहीतरी असावं लागतं. आधी भिंतीवर धरला. शहात्तर. टेबलावर धरला. शहात्तर.

तिने हात बाजूला घेतला. मी तिथे तापमापक धरला.

एकशे तीन पूर्णांक सहा.