आडव्या डहाळीपलीकडे

उद्या ज्याच्यासमोर चहाचा ट्रे धरून मान खाली घालायची, तो आहे तरी कसा, हे आज चोरून बघून यायचं... असं महाडच्या शर्मिलाने ठरवलं. शाळेत शिकवणारी बाई, पण पोरांपेक्षा प्रश्न हिलाच जास्त! मुलगा म्हणजे बुद्धरत्न, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा, कारखान्यातला. सुट्टीला तो खाडीकाठच्या राखीव रानातून लोकांना फिरवून आणायचा. त्याने हिचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. तेव्हा मैत्रिणीचं नाव सांगून बाईसाहेब त्याच्या घोळक्यात शिरल्या.

वाट नुसती दगडधोंड्यांची. फाटा आला की बुद्धरत्न चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायचा. मागच्याने तिकडे जायचं नाही, एवढाच अर्थ. पण जाऊ नको म्हटलं की शर्मिलाला कुठलं राहवतंय? तिने डहाळी ओलांडली आणि थेट कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. खाली सावित्रीची खाडी, चिखलात ऊन खात पडलेली मगर...

"दिसली ना? आता हळू मागं या."

माणसं मोजताना एक कमी भरलं, म्हणून बुद्धरत्न शोधत आला होता. तो चिडला नाही, नुसता हात पुढे केला. तिने तो धरला, आणि मागे आल्यावरही सोडायचं तिला सुचलं नाही.

"डहाळी दिसली नाय?"

"दिसली. म्हणूनच आले."

तो खळखळून हसला. चालता चालता तिने मग प्रश्नांची सरबत्तीच लावली. बायकोने नोकरी केलेली चालेल का? चालेल. स्वयंपाक? भाकरी येते, पण गोल होत नाय, म्हणाला. शर्मिलाला तो आवडला. फार पटकन, आणि अगदी मनापासून.

"मग... मुली बघताय की नाही?"

"उद्या महाडला जायचं होतं. सकाळीच आईला नाय म्हणून सांगितलं. भाजी निवडल्यासारखं माणूस बघायचं, मला नाय जमत."

म्हणजे हा नकार शर्मिलालाच होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई रडवेली झाली होती. पाहुण्यांनी येत नाही म्हणून कळवलं होतं.

शर्मिला त्याच्याकडे बघत फोनवर म्हणाली, "रडू नकोस, आई. ते येत नसतील तर आपण बिरवाडीला जाऊ, मुलगा बघायला. थांब, त्यालाच विचारते."

बुद्धरत्नला आधी काही उलगडेना. उलगडलं तसा तो कानापर्यंत लाल झाला.

"या की," तो कसाबसा म्हणाला. "पण बघून झाल्यावर... घरी जाऊन कळवतो, असं म्हणू नका."

"आत्ताच कळवते," शर्मिला म्हणाली. "पसंत आहे."