हैबतरावांचं उधाणचक्र

नूतनबाई रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि जुनी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्या भर दुपारी धरमतर खाडीकाठच्या मिठागरावर आल्या, तिथल्या गिरजाबाईंकडचं उधाणचक्र मागायला. गिरजाबाईंच्या सासऱ्यांनी, हैबतरावांनी, ते हाताने घडवलेलं.

एकात एक बसवलेली दोन सागवानी चाकं. बाहेरच्यावर तिथी, आतल्यावर प्रहर, मधे पितळी काटा. तिथी लावली की भरती कधी आणि किती, ते काटा दाखवणार. बाई हरखून गेल्या.

"आणि कडेच्या या खाचा?"

"लांब खाच म्हंजे बांध फुटला. बारकी म्हंजे मानूस गेला," गिरजाबाई म्हणाल्या. "मामंजी सोता कोरायचे. त्यांना जाऊन अकरा वर्सं झाली."

बाईंनी आजची सप्तमी लावली. सप्तमीला भांगाची भरती, पाणी अगदी बेताचं. पण काटा आपसूक सरकला आणि पौर्णिमेच्या उधाणावर थांबला. वेळ, दुपारी चारच्या सुमाराची. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मोबाईलवर तर भांगाचीच भरती दिसत होती.

"काटा ढिला झालाय बहुतेक..."

गिरजाबाईंचा चेहरा उतरला. "मामंजींचं चक्र कंदी चुकत न्हाय!" त्यांचा मुलगा हर्षद खाली बांधावर खेकड्यांची बिळं बुजवत होता. चक्र ओट्यावर तसंच टाकून दोघी धावल्या.

"हर्षद! वर ये!"

"आज भांग हाय गो आये! काम अर्धं हाय!"

"तुला माझी शप्पत हाय..."

फावडं तिथेच टाकून तो कुरकुरत वर आला.

चार वाजले. वारा नाही, पाऊस नाही. खाडी आवाज न करता चढत आली, कुजक्या चिखलाचा वास पसरला, आणि हर्षद उभा होता नेमका तिथेच बांध फुटला. नूतनबाई घाबरल्या हे खरं, पण त्याहून त्यांना चक्र पुन्हा बघायची घाई झाली.

ओट्यावर येऊन त्यांनी ते उचललं. कडेला एक नवी लांब खाच होती. तिच्याशेजारी एक बारकी, अर्धीच कोरून सोडलेली.

"मामंजींनी सोडलं रं तुला..." गिरजाबाई हात जोडून रडू लागल्या.

हर्षदने खाली डोकावून पाहिलं. "आलं तसं पानी उतरलंय. फावडं शोधून आनतो," म्हणत तो चपला घालू लागला.

नूतनबाईंच्या तळहातावर काहीतरी हुळहुळलं. त्या अर्ध्या खाचेतून बारीक, ताजा भुसा गळत होता...