दोन गाठींची टेकडी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर टेकडीचा कल सकाळपासून वाढत होता आणि डॉ. ऋजुता पानवलकरला त्याचं कारण सापडत नव्हतं.

"आतलं प्लास्टिक संपलं तर टेकडी थोडी बसेल. सरकेल कशाला?" डॉ. मुजावर म्हणाले. टेकडीत सोडलेला प्लास्टिकभक्षी जंतू त्यांनीच घडवला होता. "आणि जंतू ओल्या अंधारातच जगतो. उन्हावाऱ्यात मरतो. टेकडीबाहेर तो जाणार नाही."

करंजनगरची ही टेकडी म्हणजे शहराच्या तीन पिढ्यांचा कचरा. त्याआधी बैलगाड्या कचरा खतखड्ड्यांत नेत आणि शेतकरी त्याचं खत आनंदाने उचलत. मग ट्रक आले, पिशव्या आल्या, आणि शेवटी वर माती टाकून, गवत लावून महापालिकेने हात झटकले. आपली घाण विसरायला शहराला असा किती वेळ लागतो! पायथ्याशी लगेच वसाहत उभी राहिली. तिथे ऋजुताची आई मंदाताई राहत होत्या, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिने आईला फोन लावला. मंदाताई तरुणपणी महापालिकेत आरोग्य निरीक्षक होत्या.

"आई, तुमच्या वेळी लोक कचरा कसा टाकायचे?"

"अगदी नीट! घरोघरी जाऊन शिकवलंय मी. खरकटं, देठं, सालं पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची आणि घट्ट दोन गाठी मारायच्या. वास नाही, माशा नाहीत. बक्षीस मिळालं होतं आपल्या शहराला!"

फोन ठेवून ऋजुता मुजावरांकडे वळली.

"सर, आपण छिद्रं पाडून नमुने घेतले तेव्हा चिखल निघाला. पावसाचं पाणी मुरलंय, असं आपण धरून चाललो. ते पाणी पावसाचं नव्हतं. आपल्या गिरमिटाने पिशव्या फुटल्या होत्या. आतला कचरा हवेअभावी नीट कुजलाच नाही, नुसता लगदा होऊन कोंडून राहिला. ही टेकडी मातीची नाहीच. ती लगद्याने भरलेल्या पिशव्यांची थप्पी आहे, आणि आपला जंतू पिशव्याच खातोय."

मुजावरांचा चेहरा उतरला. "जंतुनाशक सोडू."

"जंतू मेले तरी फाटलेल्या पिशव्या कोण शिवणार?"

वसाहत रिकामी करण्याचा आदेश निघाला, भोंगे वाजले. पण बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता, आणि टेकडी सुटली ती नेमकी त्याच अंगाला. हेलिकॉप्टरं मागवली, पण अडकलेली माणसं हजारो होती.

आईचा फोन आला.

"ऋजू, तळमजल्यात शिरलंय गं. भयंकर वास आहे. आम्ही सगळे गच्चीवर निघालोय."

"आई..."

"घाबरू नकोस. इमारत भक्कम आहे आपली. जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या विटा आहेत. शेकडो वर्षं काही होत नाही, असं सांगूनच घरं दिलीत आम्हाला."

विटांचं ऋजुताला माहीत होतं. जंतू टेकडीबाहेर जाणार नाही, या भरवशावर तिने प्रयोगाला होकार दिला होता. आता टेकडीच आपला ओला अंधार घेऊन त्या भिंतींना भिडली होती. तिने मुजावरांकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं दाखवली. जंतुनाशक तयार व्हायला अजून दोन दिवस होते.

"ऐकतेयस ना? जाऊ ना वर?"

"हो आई," ती म्हणाली. "जा वर."