उसनं बोट

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेण-रोह्याकडचे बेड भरले, तेव्हा रोह्याच्या डॉक्टर रोहिणींनी एक शक्कल काढली. पेशंटने घरीच राहायचं आणि रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा दाखवायचा. आकडा घसरला की जोहे गावच्या आशा सेविकेने, म्हणजे वैशालीने, पीपीई किट चढवून त्याचं दार गाठायचं. वैशाली या कामावर भलतीच खूश होती. आठ दिवसांत तिने तीन माणसं वेळेवर हलवली होती. "आता जेवायला पन व्हिडिओ कॉल लावू काय?" असं नवरा चिडवायचा, तोवर ही पुढच्या घरी पोचलेली असायची.

दामोदरकाकांची तर तिला काळजीच नव्हती. पॉझिटिव्ह आल्यापासून ते आपल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात एकटे राहत होते. नातवंडं आत शिरू नयेत म्हणून बाहेरून कुलूप, किल्ली सुनेकडे, मालूकडे. आकडा रोज अठ्ठ्याण्णव.

काकांच्या आजारपणाच्या चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "वैशाली, आकडा झकास आहे, पण त्यांचं एक वाक्य पुरं होत नाही. मला हे पटत नाही. आत्ता जाऊन बघ."

भर दुपार होती. मालूने कुलूप काढलं. आत ओल्या शाडूचा वास कोंडला होता आणि फळ्यांवर ओळीने दोनशे गणपती, अजून डोळे न रेखलेले. बाहेर अंग भाजत होतं आणि आत वैशालीला थंडी वाजली. एवढ्या मूर्तींत कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं तिला वाटलं, मग स्वतःचाच राग आला.

काका भिंतीला टेकले होते. ओठ निळे. तिने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एक्क्याऐंशी. पुसून पुन्हा लावला. एक्क्याऐंशीच.

"काका, सकाळी अठ्ठ्याण्णव कुनाचं दाखवलंत?"

"सख्याचं..."

सखा म्हणजे मूर्तींचे डोळे रेखणारा, काकांचा तीस वर्षांपासूनचा सोबती. तीन आठवड्यांपूर्वी तो रोह्याच्या कोविड सेंटरमध्ये वारला, तेव्हा जवळ घरचं कुणी नव्हतं.

"तो म्हनाला... दामू, तिकडं जाव नको. एकटा मरशील... मी देतो बोट..."

"किल्ली माझ्याकडंच हाय गो," मालू दारातून कुजबुजली. "आत कोन नाय आलं."

वैशालीने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर भराभरा बोलल्या, "इथे एक बेड मोकळा झालाय, मी धरून ठेवते. ॲम्ब्युलन्स पेणच्या रामवाडीहून निघालीय. तोवर त्यांना पालथं झोपव."

काका हलेनात. त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे ताणलेला होता. वैशालीने तो ओढला. हात तसूभर सरकला नाही.

"सोडत नाय तो..."

मग मात्र ती भडकली. माणूस डोळ्यांदेखत चालला होता. "सखाकाका," ती स्टुलाला म्हणाली, "तुमच्या वेळी कोन नव्हतं, चूक झाली. पन यांना जगू द्या. एकटं सोडवत नसेल तर तुमी पन चला सोबत."

हात सुटला.

पुढचे दोन तास तिने कसे काढले तिचं तिलाच ठाऊक. सायरन, धूळ, मांडीवर काकांचं डोकं, कानाला फोन. रोह्याला बेड मिळाला, ऑक्सिजन लागला, आणि वैशाली किटच्या आतच हमसून हमसून रडली. आपण माणूस ओढून आणला, हा आनंद तिला चार दिवस पुरला.

पाचव्या दिवशी डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला.

"बघ तुझे काका. आकडा इतका छान आला की सकाळीच ऑक्सिजन काढला."

पडद्यावर पांघरुणावरचं एक बोट होतं, त्याला ऑक्सिमीटर. अठ्ठ्याण्णव. वैशालीने आनंदाने मालूला हाक मारली.

"थांब, चेहरा दाखवते," डॉक्टर म्हणाल्या आणि फोन वर सरकला.

काका दोन्ही हात गालाखाली घेऊन निजले होते.